सोडून गेलेला माणूस कुठे आहे? सायकल शेअरिंगवरच्या 'कंटिन्युअन्स' संशोधनाची चिकित्सा

पेट निघाली की पुढचा प्रश्न एकच असतो: विषय कोणता घ्यायचा? मग कुणीतरी सीनियर सांगतो, "कंटिन्युअन्स इंटेन्शन घे. मॉडेल तयार आहे, प्रश्नावली तयार आहे. तीनशे जणांकडून गुगल फॉर्म भरून घे, सॉफ्टवेअरमध्ये टाक, बाण आपोआप निघतात." कॉमर्स, मॅनेजमेंट, कॉम्प्युटर सायन्स, लायब्ररी सायन्स, सगळीकडे हा सल्ला फिरतोय. तुम्हाला अजून कुणी दिला नसेल तर लवकरच देईल.

'कंटिन्युअन्स इंटेन्शन' म्हणजे एखादी सेवा पुढेही वापरत राहण्याचा हेतू. लोक एखादं ॲप, एखादी सेवा पुन्हा पुन्हा का वापरतात, हा प्रश्न चांगलाच आहे. माझा आक्षेप प्रश्नावर नाही. तो ज्या ठरीव पद्धतीने सोडवला जातो, तिच्यावर आहे. आणि ही पद्धत कुठे लंगडी पडते ते बघायला सायकल शेअरिंगवरचे अभ्यास फार उपयोगी आहेत. म्हणून आज तेच समोर घेऊ.

सायकल शेअरिंग म्हणजे काय ते आधी दोन ओळींत. मोबाइलवर कोड स्कॅन करायचा, कुलूप उघडतं, सायकल घ्यायची, पोहोचलो की सोडून द्यायची, पैसे ॲपमधून कापले जातात. आपल्या बीडच्या रस्त्यांवर अशा सायकली दिसत नाहीत. पण घरातल्या मोठ्यांना विचारा, तासावर मिळणारी भाड्याची सायकल त्यांना पक्की माहीत असते. दुकानदाराच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची, ओळख असेल तरच सायकल मिळायची, पंक्चर झाली तर भुर्दंड आपल्या माथी. ॲपने ती वही आणि ती ओळख मोबाइलमध्ये नेली, एवढाच फरक.

"बीडमध्ये सायकल शेअरिंगच नाही, मग आम्ही हे का वाचायचं?" कारण प्रश्नावलीला गाव नसतं. 'सायकल' हा शब्द काढून 'यूपीआय' टाकला, 'ई-लर्निंग' टाकलं, 'शेतकरी ॲप' टाकलं की तीच प्रश्नावली आपल्या जिल्ह्यात येते. तिच्यातला दोषही सोबत येतो.

मॉडेल काय म्हणतं

मूळ कल्पना ग्राहकशास्त्रातली. रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये मांडलं की समाधान हे वस्तू किती चांगली आहे एवढ्यावरच ठरत नाही. आपण काय अपेक्षा धरली होती आणि प्रत्यक्षात काय मिळालं, या दोन्हींच्या तुलनेवर ते ठरतं. पुढे २००१ मध्ये अनोल भट्टाचार्जी यांनी 'एमआयएस क्वार्टर्ली' या नियतकालिकात ही कल्पना माहिती तंत्रज्ञानाला लावली आणि ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांवर तपासली. त्यात त्यांनी फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या कामातली 'उपयुक्त वाटणे' ही संकल्पना जोडली.

म्हणजे चौकटी चार. अपेक्षापूर्ती, उपयुक्तता, समाधान आणि वापर चालू ठेवण्याचा हेतू. अपेक्षा पूर्ण झाली की समाधान वाढतं आणि सेवा उपयुक्तही वाटते. समाधान आणि उपयुक्तता मिळून हेतू घडवतात. समजा, विद्यापीठाच्या गेटपासून विभागापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. एका विद्यार्थिनीला वाटलं सायकलने दहा वाचतील, आणि खरंच वाचली. अपेक्षा पूर्ण, समाधान झालं, उद्याही सायकल घ्यायची. सरळ गोष्ट आहे.

या कामाचं श्रेय आधी मोकळेपणाने देऊ, कारण चिकित्सा म्हणजे झोडपणं नव्हे. त्या काळात बहुतेक संशोधन 'लोक नवं तंत्रज्ञान स्वीकारतील का' यावर अडकलेलं होतं. पहिल्यांदा वापरणं आणि वापरत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणंही वेगळी असू शकतात, हे या मॉडेलने ठसवलं. चार चौकटींत एवढं बसवणं सोपं नाही.

पण मॉडेल कुठे तपासलं गेलं ते लक्षात ठेवा. बँक उद्या शटर ओढून निघून जाणार नव्हती. ग्राहकाला वाटलं तर तो शाखेत जाऊन काम करू शकत होता. म्हणजे सेवा टिकणार होती आणि माणूस सोडून जायला मोकळा होता. या दोन अटी तिथे आपोआप पूर्ण होत होत्या, म्हणून त्या कुणाला वेगळ्या तपासाव्या लागल्या नाहीत. सायकल शेअरिंगमध्ये, आणि आपल्या भागातल्या बऱ्याच सेवांमध्ये, नेमक्या याच अटी मोडतात.

पहिला दोष: विचारलं कुणाला?

कुठलाही 'कंटिन्युअन्स' पेपर उघडा आणि नमुना निवडीचा परिच्छेद वाचा. बहुतेक वेळा तिथे 'सध्या सेवा वापरणाऱ्या इतक्या जणांकडून माहिती घेतली' अशा अर्थाचं वाक्य असतं. प्रश्न 'लोक का टिकतात' हा, आणि विचारलं फक्त टिकलेल्यांना.

यात काय बिघडतं ते बीडच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. जानेवारी महिन्यात पाटोदा, शिरूर कासार, धारूर किंवा वडवणी तालुक्यातल्या एखाद्या गावात जा आणि विचारा, "गावात रोजगार कसा आहे?" जे उत्तर देतील ते गावात उरलेले असतील: म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, थोडीफार बागायत असलेले, नोकरीवाले, दुकानदार. ज्यांच्याकडे या प्रश्नाचं खरं उत्तर आहे ते दिवाळीच्या आसपासच उचल घेऊन, कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले असतात. त्यांच्या दाराला कुलूप असतं. कुलूप लावलेल्या घराचा फॉर्म कुणी भरत नाही. आणि मग अहवालात येतं की गावातले बहुतांश लोक समाधानी आहेत!

संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. टिकलेलेच पाहिल्यामुळे होणारा म्हणून 'सर्व्हायव्हरशिप बायस' असंही नाव आहे. एक छोटा हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत, फक्त मुद्दा समजण्यासाठी.

समजा १०० जणांनी सायकल सेवा सुरू केली. सहा महिन्यांनी ३० उरले, ७० सोडून गेले. तुम्ही उरलेल्या ३० जणांना फॉर्म दिला. त्यातले २७ समाधानी निघाले. म्हणजे ९० टक्के! निष्कर्ष तयार: समाधानामुळे लोक टिकतात.

आता गेलेल्या ७० जणांनाही शोधून विचारलं असं समजा. त्यातले ३० असमाधानी होते, ठीक. पण ४० जण म्हणाले, "सेवा चांगली होती हो, पण माझ्या घराजवळ सायकलच मिळेना," किंवा "रूम बदलली," किंवा "कोर्स संपला." आता पूर्ण चित्र मांडा. समाधानी एकूण ६७, त्यातले टिकले २७, म्हणजे सुमारे ४० टक्के. असमाधानी एकूण ३३, त्यातले टिकले ३, म्हणजे सुमारे ९ टक्के. समाधानाचा परिणाम आहे, तो नाकारायचा नाही. पण सोडून गेलेल्या ७० पैकी ४० जण समाधानी असूनही गेले! सेवा चालवणाऱ्याने 'समाधान वाढवा' हा सल्ला ऐकून ॲपचे रंग बदलले, तर या ४० जणांसाठी काहीच बदलत नाही. त्यांना सायकल घराजवळ हवी होती. ही गोष्ट ३० जणांच्या फॉर्ममधून कधीच कळली नसती, मग तुम्ही कितीही भारी सॉफ्टवेअर वापरा.

नमुना ३० वरून ३०० केला तरी हा दोष जात नाही. हे नीट लक्षात घ्या, कारण तोंडी परीक्षेत हमखास गडबड इथेच होते. नमुना मोठा केल्याने योगायोगाने येणारी चूक कमी होते. चुकीच्या लोकांना विचारल्याची चूक तशीच राहते, उलट आकडे जास्त ठाम दिसायला लागतात.

दुसरा दोष: हेतू म्हणजे वापर नव्हे

पहिल्या दोषातून दुसरा आपोआप निघतो. नमुन्यातले सगळेच सध्याचे वापरकर्ते असतील, तर 'वापर चालू आहे का' या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसाठी 'हो' असतं. ज्या गोष्टीत माणसामाणसांत फरकच नाही, तिचं कारण आकड्यांतून काढता येत नाही. मग संशोधक काय करतो? प्रत्यक्ष वापराच्या जागी हेतू ठेवतो. "मी ही सेवा पुढेही वापरेन", एक ते पाच गुण द्या.

आता तो फॉर्म डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पानावर "मी या सेवेबद्दल समाधानी आहे." तीन मिनिटांनी पुढच्या पानावर "मी ही सेवा वापरत राहीन." माणूस तोच, मनःस्थिती तीच, गुण देण्याची सवयही तीच. कुणी सगळीकडे चार देतो, कुणी सगळीकडे पाच. या दोन उत्तरांत घट्ट सहसंबंध निघणारच. त्यातला काही भाग खरा असतो, काही भाग फक्त एकाच फॉर्मवर एकाच बैठकीत विचारल्यामुळे आलेला असतो. याला 'कॉमन मेथड बायस' म्हणतात. कोणता भाग किती, हे एका बैठकीच्या माहितीवरून खात्रीने वेगळं करता येत नाही.

शिवाय हेतू आणि कृती यांच्यामध्ये बरंच काही असतं. मोएझ लिमायेम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'एमआयएस क्वार्टर्ली'तच दाखवलं की सवय जितकी पक्की, तितका हेतूवरून प्रत्यक्ष वापराचा अंदाज कमी लागतो. सवयीने माणूस विचार न करता वापरतो. सायकलच्या बाबतीत तर ऋतू आहे, चढ आहे, ट्रॅफिक आहे. फेब्रुवारीत फॉर्म भरताना दिलेले पाच गुण जुलैच्या पावसात उपयोगाचे नाहीत.

गंमत म्हणजे सायकल शेअरिंग हा असा विषय आहे जिथे हेतूवर थांबायची गरजच नाही. प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते: कुठून, किती वाजता, किती वेळ. न्यूयॉर्कची 'सिटी बाइक' ही सेवा २०१३ पासून सुरू आहे आणि तिच्या फेऱ्यांची माहिती फुकट डाउनलोड करता येते. विद्यार्थ्यांनी सरावासाठी जरूर घ्यावी. मात्र तिचीही मर्यादा समजून घ्या. खासगीपणासाठी त्यात व्यक्तीची ओळख नसते. महिन्यात फेऱ्या किती झाल्या ते कळतं, पण तोच माणूस परत आला की नवा आला, हे कळत नाही. फेऱ्या वाढत असतानाही जुने लोक गळत असू शकतात. म्हणून 'फेऱ्या वाढल्या म्हणजे लोक टिकले' असा निष्कर्षही काढायचा नाही.

तिसरा दोष: सेवा टिकणारच, हे गृहीत

आता पुण्याकडे येऊ. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलेल्या पुण्यात डिसेंबर २०१७ मध्ये स्मार्ट सिटी उपक्रमातून सार्वजनिक सायकल सेवा सुरू झाली. सुरुवात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर आणि औंध भागातून झाली. झूमकारची 'पेडल' ही सेवा पहिली. २०१८ मध्ये चीनची 'ओफो' आली, मेमध्ये चीनचीच 'मोबाईक' आली. शहरात ठिकठिकाणी रंगीत सायकली दिसायला लागल्या. दर अगदी नाममात्र. विद्यार्थी खूश.

पण त्याच वर्षी ओफोने भारतातून गाशा गुंडाळला. पुढे 'पेडल'ही थांबली. २०१९ मध्ये मोबाईक चीनबाहेरच्या आशियाई बाजारांतून मागे हटली आणि तिच्या सायकली बंगळुरूच्या 'युलू'कडे गेल्या. सायकली तोडल्याच्या, पळवल्याच्या, कुठेही फेकून दिल्याच्या बातम्या पुण्यातल्या वर्तमानपत्रांत येत होत्याच.

आता समजा, मार्च २०१८ मध्ये तुम्ही विद्यापीठाच्या आवारात फॉर्म वाटले असते. समाधान उत्तम, उपयुक्तता उत्तम, हेतूला सरासरी चारच्या वर गुण, सगळे बाण ठळक. पेपर छापून यायला वर्ष गेलं असतं. तोवर ज्या सेवेबद्दल हेतू मोजला ती सेवाच रस्त्यावर उरली नसती. पेपरमधलं एकही गणित चुकलेलं नसतं. पण 'वापर का चालू राहतो' या प्रश्नाचं उत्तर वापरकर्त्याच्या डोक्यात शोधलं गेलं, आणि ते होतं कंपनीच्या ताळेबंदात, महापालिकेच्या करारात आणि दुरुस्तीच्या गाडीत.

यात दराचीही एक गोष्ट आहे. गुंतवणूकदारांचे पैसे ओतून दर नाममात्र ठेवलेला असतो, तेव्हा मोजलेला हेतू हा त्या दराचा हेतू असतो. खरा खर्च वसूल होईल असा दर लावल्यावर तोच माणूस तेच गुण देईल, असं मानायला काही आधार नाही.

चीनमध्ये हीच गोष्ट किती मोठ्या प्रमाणावर घडली बघा. ओफो २०१४ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली होती. ग्राहकांकडून अनामत रक्कम घेतली जायची. डिसेंबर २०१८ मध्ये कंपनी अडचणीत आली तेव्हा अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. या विषयावरच्या 'कंटिन्युअन्स' अभ्यासांचा मोठा भाग चीनमधल्या त्याच बहराच्या काळातला आहे. म्हणून त्यातला एखादा पेपर वाचताना माहिती कधी गोळा केली ते आधी बघा. आपण त्याच प्रश्नावल्यांचं मराठी भाषांतर करतो तेव्हा तो बहरही नकळत गृहीत धरतो.

पॅरिसचं उदाहरण आणखी बोलकं आहे. तिथली 'वेलिब' सेवा २००७ पासून चालू होती, जगभर नावाजलेली. जानेवारी २०१८ मध्ये ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला. नवे थांबे वेळेत उभे राहिले नाहीत, सायकली मिळेनात, आणि नोंदणी केलेले लोक गळायला लागले. शहर तेच, माणसं तीच, सायकल चालवण्याची आवडही तीच. बदलला होता फक्त पुरवठा. एखादी गोष्ट वापरकर्त्यामुळे घडते की पुरवठ्यामुळे, हे वेगळं करायला अशी उदाहरणं सोन्यासारखी असतात. चार चौकटींच्या मॉडेलमध्ये मात्र पुरवठ्याला चौकटच नाही.

चौथा दोष: समाधान नाही, तरी वापर चालू

आत्तापर्यंत आपण समाधानी असून सोडून जाणाऱ्यांबद्दल बोललो. आता उलट बाजू बघू. ती आपल्या जास्त ओळखीची आहे.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर उभे राहा. काळी-पिवळी येते. आत जागा नसताना आणखी चार जण बसवले जातात, एक जण मागे लटकतो. जीप भरेपर्यंत हलत नाही. आतल्या कुणालाही विचारा, "समाधानी आहात का?" उत्तर छापण्यासारखं नसेल! पण उद्या तोच माणूस त्याच जीपने जाणार आहे, कारण त्या वेळेला दुसरी गाडी नाही. मॉडेलच्या भाषेत समाधान एक, हेतू पाच. भट्टाचार्जींच्या बाणाला हे उत्तर पटणार नाही, पण आपल्या तालुक्यांतल्या हजारो लोकांचा रोजचा प्रवास असाच आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या एका पुस्तकात हा मुद्दा फार सोप्या रीतीने मांडला होता. सेवा बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जायचं, नाहीतर तक्रार करायची. सोडून जायची सोयच नसेल, तर टिकून राहणं ही पसंतीची खूण ठरत नाही. 'निष्ठावान ग्राहक' आणि 'अडकलेला ग्राहक' दोघंही आकड्यांत सारखेच दिसतात.

एसटीचा विचार करा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात बहुतेक गाड्या डेपोत उभ्या होत्या. प्रवाशांच्या समाधानात काही बदल झाला म्हणून त्यांनी एसटी सोडली का? नाही, गाडीच नव्हती. मग १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट लागू झालं. ज्या बायका जीपने जात होत्या त्यांच्यासाठी एका दिवसात हिशेब बदलला. यात 'अपेक्षापूर्ती' कुठे आहे? तिकिटाचा दर आहे, गाडी उपलब्ध असणं आहे. या दोन्ही गोष्टी माणसाच्या मनाबाहेरच्या आहेत.

सायकल शेअरिंगमध्येही आता हेच होतंय. युलूच्या विजेच्या गाड्या आज मोठ्या शहरांत मुख्यतः डिलिव्हरी करणारी मुलं भाड्याने घेतात. ती रोज गाडी घेतात म्हणून त्यांना गाडी फार आवडते असं नाही. स्वतःची गाडी घ्यायला पैसे नाहीत आणि गाडीशिवाय काम नाही. यातली किती मुलं मराठवाड्यातून गेलेली असतील, याचा तुम्हीच विचार करा. त्यांच्या हाती 'ही सेवा वापरताना मला आनंद मिळतो' असं वाक्य असलेला फॉर्म देणं संशोधन म्हणून चूक आहे, आणि माणूस म्हणूनही बरं दिसत नाही.

मग करायचं काय?

"एवढं सगळं बघत बसलो तर पीएच.डी. होणार कधी?" हा प्रश्न रास्त आहे. मॉडेल फेकून द्या असं मी म्हणत नाही. आराखड्यात थोडे बदल करा. ते एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहेत.

एक. नमुना टिकलेल्यांमधून घेऊ नका, सुरू करणाऱ्यांमधून घ्या. सहा महिन्यांपूर्वी ज्यांनी नोंदणी केली, त्या यादीतून माणसं निवडा. मग त्यातले आज कुठे आहेत ते शोधा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या फॉर्ममध्ये सोडून गेलेला माणूस येत नाही, कारण तो त्या ग्रुपमधूनही बाहेर पडलेला असतो.

दोन. 'किती काळ टिकला' हे मोजा. त्यासाठी 'सर्व्हायव्हल ॲनालिसिस' नावाची पद्धत आहे. वैद्यकशास्त्रात रुग्ण किती काळ जगतात ते मोजायला ती वापरतात. अभ्यास संपला तेव्हाही जो माणूस सेवा वापरतच होता, त्याचा पूर्ण काळ आपल्याला माहीत नसतो. त्याला 'सेन्सर्ड' नोंद म्हणतात. ती नोंद फेकून न देता हिशेबात कशी धरायची, हे कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये सांगितलं. कोणत्या घटकामुळे सोडून जाण्याचा वेग वाढतो, हे काढायला कॉक्स यांची १९७२ ची पद्धत आहे. ही सगळी गणितं 'आर'मध्ये फुकट करता येतात.

तीन. पुरवठ्याची मोजणी स्वतः करा. विद्यार्थ्याच्या खोलीपासून चालत पाच मिनिटांत किती सायकली असतात, सकाळी नऊला त्यातल्या किती चालू स्थितीत असतात, हे वहीत लिहून काढता येतं. 'सायकल सहज उपलब्ध असते' या वाक्याला दिलेल्या गुणांपेक्षा ही वही जास्त खरी.

चार. एक प्रश्न नक्की घाला: "ही सेवा उद्या बंद झाली तर तुम्ही काय वापराल?" ज्यांच्याकडे उत्तर आहे आणि ज्यांच्याकडे नाही, त्यांचं विश्लेषण वेगवेगळं करा. समाधान आणि वापर यांचं नातं या दोन गटांत वेगळं निघण्याची बरीच शक्यता आहे, आणि निघालं तर तेच तुमचं योगदान.

पाच. सोडून गेलेल्यांना लांबलचक प्रश्नावली देऊ नका. फोनवर एकच मोकळा प्रश्न विचारा, "का सोडलं?" आणि ते जसं बोलतील तसंच लिहून घ्या. तिथे मॉडेलमध्ये नसलेली कारणं सापडतात.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. कित्येक वर्षांची वाट पाहून आलेली गाडी. कोण एसटी सोडून रेल्वेकडे आलं, कोण महिनाभर येऊन परत एसटीकडे गेलं, कोण स्टेशनवरून घरी पोहोचायला काही मिळत नाही म्हणून थांबलं, हे आत्ता मोजता येईल. शंभर-सव्वाशे प्रवासी, त्यांची संमती, महिन्यातून एकदा तीन प्रश्नांचा फोन, वर्षभर. आणि आपल्या जिल्ह्यापुरतं एक पथ्य: ऊसतोडीच्या हंगामात जी माणसं फोनवर 'आम्ही इथे नाही' म्हणतील, त्यांना 'सेवा सोडली' म्हणून मोजू नका. ती सेवेला कंटाळलेली नसतात, गावाबाहेर असतात. हा बारकावा आयात केलेल्या प्रश्नावलीत नसतो. तो तुम्हाला माहीत आहे, आणि हेच तुमचं भांडवल आहे.

हे सगळं पदवीपुरतं नाही. नगरपालिका किंवा महापालिका एखादी योजना घेताना सल्लागाराचा अहवाल वाचते, आणि सल्लागार असेच पेपर वाचतो. '९० टक्के वापरकर्ते समाधानी' या ओळीवर लोकांच्या पैशातून सायकली येतात आणि दोन वर्षांनी भंगारात दिसतात. मग लोक म्हणतात, "आपल्याकडच्या लोकांनाच शिस्त नाही." कदाचित शिस्त होती, फक्त घराजवळ सायकल नव्हती. पण ते कुणी विचारलंच नव्हतं.

या आठवड्यात एक काम करा. शोधगंगावर जाऊन तुमच्या विषयातला 'कंटिन्युअन्स'वरचा कोणताही एक प्रबंध उघडा. गोषवारा नको, निष्कर्ष नको. थेट नमुना निवडीच्या प्रकरणाकडे जा आणि पेन्सिलने समासात लिहा: सोडून गेलेला माणूस यात कुठे आहे? तो सापडला तर प्रबंध पुढे वाचा, तुम्हाला बरंच शिकायला मिळेल. नाही सापडला, तर तुमच्या संशोधनाचा विषय कदाचित तिथेच पडलेला आहे.